चोवीस तोट्या

कॉलेजात बशीरच्या नाकाला मान होता. सांगलीबाहेरच्या माळावर ते कॉलेज उभं राहिलं तेव्हापासून रसायनाच्या प्रयोगशाळेला लागणारा गॅस बशीरच करत असे. प्रयोगशाळेच्या मागे शंभरेक पावलांवर गॅसघर होतं. तिथल्या भट्टीत एक लोखंडी नळकांडं लाल होईपर्यंत तापवायचं आणि त्यात थेंबथेंब रॉकेल सोडायचं. त्याचा गॅस होऊन बाहेरच्या हौदात, पाण्यात पालथ्या घातलेल्या मोठ्या लोखंडी पिंपात साठत असे. गॅस भरला की पिंप वर चढे, वापरला की खाली उतरे. तिथून जमिनीखालच्या नळाने गॅस टेबलांवर जाई आणि मुलं तोट्या सोडून बर्नर पेटवत.

बशीर मूळचा आष्ट्याचा. घरचा धंदा कल्हईचा. भाता, कोळसा, नवसागराचा धूर यांत तो वाढला होता, त्यामुळे भट्टीशी त्याचं जमायला वेळ लागला नाही. अडतीस साली एकदा तो प्रयोगशाळेच्या दारातून जाता जाता थांबला आणि म्हणाला, "फरशीखाली कुठंतरी फुटलंय." कुणालाच वास येत नव्हता. फरशी उकलली तर नळाला खरोखरच केसाएवढी चीर होती. तेव्हापासून रसायनाचे प्रोफेसर घारपुरे नव्या मुलांना पहिल्याच तासाला सांगत, "बशीर हो म्हणाला तरच काडी ओढायची." घारपुऱ्यांना स्वतःला तपकिरीचं व्यसन होतं. त्यांच्या नाकाला तपकिरीपलीकडे काही कळत नसे आणि ते तसं हसत हसत कबूलही करत.

तेच बशीरचं नाक त्रेचाळीसच्या सुमारास गेलं. कधी गेलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. लढाईच्या दिवसांत रॉकेल गाळाचं येऊ लागलं. नळकांड्यात डांबरासारखी काजळी धरे आणि दर शनिवारी डोकं आत घालून ती खरवडून काढावी लागे. सगळी दुपार खोकण्यात जाई. एक दिवस त्याची बायको खातूनबी कामातून उशिरा जेवायला बसली, तिने पहिला घास तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. आमटी आंबली होती. नवरा मात्र दोन वाट्या ओरपून हात धुऊन बसला होता.

"आवं, आमटीत काय वास आला न्हाई तुमास्नी?"

"चांगली झालती की."

 दुसऱ्या दिवशी तिने त्याला डोळे मिटायला लावले आणि रॉकेलात भिजवलेला चिंधीचा बोळा त्याच्या नाकाखाली धरला.

"काय हाय?"

"कांदा?" बशीर अंदाजाने म्हणाला.

तिने बोळा चुलीत टाकला. मग म्हणाली, "ह्ये कुणाला सांगायचं न्हाई."

तिला नोकरीपेक्षा खोलीची काळजी होती. गॅसघराच्या माणसाला कॉलेजने गॅसघरामागेच दोन खोल्या दिल्या होत्या. चूल तिची, माठ तिचा, दाराला आतून कडी. लग्नानंतरची अकरा वर्षं तिने आष्ट्याला थोरली जाऊ मेहरुनबी हिच्या स्वयंपाकघरात काढली होती. तिथे साखरेच्या डब्याला कुलूप असे आणि किल्ली मेहरुनबीच्या कमरेला. पोरबाळ न झालेल्या बाईने चुलीपाशी किती वेळ बसायचं तेही मेहरुनबीच ठरवत असे. नाक गेल्याचं कळलं असतं तर गॅसघर गेलं असतं, गॅसघर गेलं असतं तर खोल्या गेल्या असत्या, आणि मग आष्ट्याची मोटर.

बशीरने त्यावर आपली एक रीत बसवली. संध्याकाळी गॅसघरातली मुख्य तोटी बंद करायची आणि पिंपावर पाण्याच्या रेषेशी खडूने खूण करायची. सकाळी खूण जागेवर असली तर पिंप धड आहे. पुन्हा तोटी सोडली की थोड्या वेळाने एक फेरी मारून पिंप बघायचं, न वापरता उतरलं असलं तर नळ गळतोय. प्रयोगशाळेत कुणी विचारलंच, "बशीर, वास येतोय का रे?" तर तो मान वर करून दोनदा नाक ओढी, "न्हाई सायेब, नेहमीचाच हाय," म्हणे आणि मग घाईघाईने पिंप बघून ते खरं करून येई. आधी तोंडाने सांगायचं, मागाहून डोळ्यांनी बघायचं. दोन वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. तरी दर वेळी दारापासून पिंपापर्यंतची ती शंभर पावलं चालताना त्याच्या पाठीला घाम येई.

पंचेचाळीस सालची खंडेनवमी आली तेव्हा लढाई संपून दोन महिने झाले होते. कॉलेजात दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची आणि हत्यारांची पूजा होई. सुताराची करवत, तराजू, सूक्ष्मदर्शक, सगळं धुऊनपुसून मांडत. आदल्या दिवशी गॅस बंद असे आणि बशीर भट्टीला गेरू लावून पिंपासाठी झेंडूची माळ करून ठेवत असे. या वर्षी मात्र कराडचे गुळाचे व्यापारी लालासाहेब येणार होते. त्यांच्या देणगीतून प्रयोगशाळेला नवी टेबलं आली होती. पूजा त्यांच्या हातून, आणि आरती झाली की चोवीस तोट्यांवर चोवीस बर्नर एकदम पेटवून दाखवायचे, असा घारपुऱ्यांचा बेत होता.

"गॅस पहाटेच सोडून ठेव," त्यांनी बशीरला सांगितलं. "ऐन वेळी नळात हवा राहून बर्नर पेटले नाहीत असं नको."

स्टोअर सांभाळणारे भाऊसो कुंडलचे. त्यांनी पूजेची तयारी अंगावर घेतली होती. तोट्या पितळेच्या, पण काळ्या पडलेल्या. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी झाडूवाल्या बनाबाईला चिंच आणि राख देऊन कामाला बसवलं. एकटीने व्हायचं नाही हे दिसल्यावर ते खातूनबीला हाक मारायला आले.

"कल्हईवाल्याची सून तू. तुझ्यासारखी पितळ कोण घासणार? ये गं जरा. कागदावर काय न्हाई, पूजेचं काम हाय."

खातूनबी गेली. भिंतीकडच्या बारा तोट्या बनाबाईने घासल्या, खिडकीकडच्या बारा खातूनबीने. संध्याकाळी बशीर बघायला आला तेव्हा दारातून ते पितळ सोन्यासारखं चमकत होतं. दिवेलागण झाली होती. भाऊसोंनी किल्ली खुळखुळवली. "चल, कुलूप लावतो. रांगोळी उद्या." बशीर दारातूनच मागे फिरला.

पहाटे त्याने मुख्य तोटी सोडली. नेहमी तो तासाभराने पिंप बघायला येई, पण त्या दिवशी भाऊसोंनी त्याला तोरणासाठी आंब्याचे टाळे आणायला मळ्यात धाडलं, मग सतरंज्या घालायला, मग लालासाहेबांच्या मोटरीसाठी वाटेतले दगड काढायला. साडेनऊला प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा तो सतरंजीचं टोक धरून उभा होता. आत जाता जाता घारपुरे म्हणाले, "वाऱ्याने निरांजन विझेल, खिडक्या राहू देत बंद."

लालासाहेबांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. "प्रोफेसर, ह्यो कसला वास?"

"विद्येचा," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. रसायनाच्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्याचा वास बारा महिने असे. त्यात चिंच, झेंडू आणि लालासाहेबांचं अत्तर.

घारपुऱ्यांनी मात्र वळून बघितलं. "बशीर, काय म्हणतं तुझं नाक?"

बशीरने मान वर केली, दोनदा नाक ओढलं. "न्हाई सायेब. नेहमीचाच हाय."

मंडळी आत गेली. मधल्या टेबलावर यंत्रं मांडली होती, समोर ताटात निरांजन, कापूर, कुंकू. प्रोफेसर मंडळी, त्यांच्यातल्या दोघांच्या बायका, भटजी, भाऊसो, सुतार, लालासाहेब आणि त्यांचा दिवाणजी. घारपुऱ्यांची सूनही होती, आणि सहा वर्षांची नात आजोबांचं धोतर धरून होती. चौदा माणसं आत होती. बनाबाई आणि खातूनबी दाराबाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

बशीरने पिंपासाठी केलेली माळ उचलली आणि तो मागे निघाला. लोकांनी बघितलं असतं तर वाटलं असतं माळ घालायला चाललाय. पन्नास पावलांवर गेल्यावर त्याला हौदाच्या कठड्यावरून पिंपाचा वरचा काठ दिसायला हवा होता. तो दिसला नाही. तो पळत जवळ गेला. काल संध्याकाळी त्याच्या छातीएवढं वर असलेलं पिंप गुडघ्याएवढं राहिलं होतं. कालची खडूची खूण पाण्याखाली गेली होती.

माळ तिथेच टाकून त्याने गॅसघरात धाव घेतली आणि मुख्य तोटी आवळली. पण गेलेला गॅस काही परत येणार नव्हता. प्रयोगशाळेतून घंटा वाजल्याचा आवाज आला. तो पळाला. धोतराचा सोगा पायांत आला, तो पडला, उठला.

आत भटजी म्हणत होते, "यजमानांनी दीप प्रज्वलित करावा." लालासाहेबांनी खिशातून काड्यापेटी काढून काडी ओढली. लढाईच्या दिवसांतली काडी ती, मधेच मोडली. "काय ह्या काड्या तरी," म्हणून ते हसले आणि त्यांनी दुसरी काढली.

बशीरने दारातून येऊन त्यांचं मनगट धरलं.

"काडी ओढू नका!"

काड्यापेटी खाली पडली.  लालासाहेब आपल्या मनगटाकडे आणि त्यावरच्या गेरूने लाल झालेल्या बोटांकडे बघत राहिले.

"बशीर!" भाऊसो पुढे आले. "शुद्धीवर हायस का? कुणाचा हात धरलास?"

"गॅस हाय आत. समद्यांनी भाईर चला."

"आत्ता न्हाई म्हणलास की! वरसातनं एकदा पूजा, तीबी धड होऊ देऊ नको."

"भाऊसो, थांबा." घारपुरे शांतपणे म्हणाले, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "बशीर, काय झालं?"

"पिंप उतरलंय सायेब."

"रात्री गारवा होता. गारव्याने गॅस आकसतो आणि पिंप खाली येतं. मीच तुला समजावलं होतं ना?"

"गारव्यानं चार बोटं उतरतं. ह्ये छातीवरनं गुडघ्याला आलंय."

"पण वास नाही म्हणालास. तुझं नाक—"

"सायेब, आदी भाईर चला, मग बोला."

"अरे, लालासाहेब ताटकळलेत. तुझं नाक आजवर चुकलेलं नाही, ते पिंप चुकलं असेल. हौदाचं पाणी बघितलंस का? कमीजास्त झालं असेल." घारपुऱ्यांनी वाकून काड्यापेटी उचलली. ती नुसती हातात घेतली होती, पण बशीरला त्या चौकोनी पेटीपलीकडे काही दिसेना. त्याने दाराकडे बघितलं. व्हरांड्यात खातूनबी पदर तोंडावर धरून उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती. तो काय बोलणार हे तिला कळलं, आणि तिने मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली.

"माझं नाक मेलंय सायेब," बशीर म्हणाला. "दोन वर्सं झाली. मला रॉकेलचाबी वास येत न्हाई. मघा म्या खोटं सांगितलं. रोज खोटंच सांगतो."

नात आजोबांचं धोतर ओढून "काय झालं?" विचारत होती.  हातातली काड्यापेटी घारपुऱ्यांनी हळूच कोटाच्या खिशात घातली, नातीला उचललं आणि म्हणाले, "सगळ्यांनी बाहेर चला. काही ओढू नका, पेटवू नका. पळू नका."

चौदा माणसं बाहेर आली. बशीर नाकातोंडाला मुंडासं बांधून एकटा आत गेला आणि त्याने एकेक खिडकी उघडली. शेवटच्या खिडकीशी त्याला गरगरलं, तो गजाला धरून उभा राहिला. मोकळ्या हवेत आल्यावर घारपुऱ्यांच्या सुनेला ओकारी झाली. आपलं डोकं इतका वेळ का दुखत होतं ते मग सगळ्यांनाच कळलं. पूजा दुपारी पटांगणात कडुनिंबाखाली झाली. बर्नर पेटवायचं नाव कुणी काढलं नाही.

घरी खातूनबीने भाकरी टाकली आणि ताट त्याच्यासमोर सरकवलं.

"समद्यांसमोर सांगायचं हुतं?"

"मग काय करू? त्यांनी काडीपेटी उचलली हुती."

"नुसतं पिंपाचं सांगायचं."

"सांगितलं की. त्यांचा पिंपावर इस्वास न्हाई, नाकावर हाय."

ती भाकरी उलटत राहिली. दोघंही जेवले नाहीत.

दसरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घारपुरे स्वतः खोलीवर आले, सोबत भाऊसो. घारपुरे याआधी कधी या दारात आले नव्हते. बशीरने घोंगडी घातली. खातूनबी आतल्या दाराच्या पडद्याआड उभी राहिली.

"प्राचार्यांशी बोललो," घारपुरे म्हणाले. "गॅसघर तुझ्या हाती ठेवता येणार नाही, हे तुलाही समजतं. बाटल्या-नळ्या धुण्याचं काम आहे, ते देतो. चौदा जीव वाचले, हे मी त्यांना सांगितलं. म्हणून खोली लगेच सोडायला नको, जूनपर्यंत राहा. मग बघू."

पडद्याआड खातूनबीने बोटांवर मोजलं. जून म्हणजे आठ महिने. आठ महिन्यांत काहीही होऊ शकतं.

"आणि बनाबाईला काढलंय," भाऊसो म्हणाले. "तिनंच घोटाळा केला. खिडकीकडच्या बाराच्या बारा तोट्या सोडून ठेवल्या. घासायला सांगितल्या तर चालू करून बसली."

"ती काय म्हणाली?" बशीरने विचारलं.

"काय म्हणणार? रडली. म्हणाली, मला न्हाई ठाऊक."

बशीरने मान खाली घातली. दुसरी रांग कुणी घासली ते त्याला ठाऊक होतं, भाऊसोंना ठाऊक होतं, आणि पडद्याआडच्या बाईलाही. बनाबाईचा नवरा लढाईत गेला होता. कॉलेजच्या कागदावर झाडूवाली म्हणून फक्त तिचंच नाव होतं. भाऊसो घारपुऱ्यांना म्हणाले, "चला सायेब, ऊन वाढतंय."

घारपुरे उठले. त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"खिडकीकडची रांग माझी हुती," खातूनबी म्हणाली.

ती पडदा सारून पुढे आली होती, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"काय म्हणालात?"

"बनाबाईनं भिंतीकडची घासली. खिडकीकडची म्या. भाऊसोंनी बोलवलं हुतं. इचारा त्यास्नी."

भाऊसोंनी दुसरीकडे बघितलं. घारपुऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चला. काय केलंत ते मला दाखवा."

चौघं प्रयोगशाळेत गेली. खातूनबी खिडकीकडच्या पहिल्या टेबलाशी थांबली. तोट्या सगळ्या आता बंद होत्या, दांड्या नळीला आडव्या, आणि गॅसघरातली मुख्य तोटीही बंदच होती.

"त्या दिशी ह्या अशा आडव्या हुत्या," ती म्हणाली. "घासताना फिरत्यात. खालच्या बाजूची घाण काढायला फिरवाव्याच लागत्यात. सगळ्या घासून झाल्यावर एक हिकडं, एक तिकडं, बरं दिसंना. मग म्या समद्या एका रेघेत सरळ केल्या. अशा." तिने एकामागून एक तीन दांड्या नळीच्या रेषेत फिरवल्या. त्या खरोखरच नीटनेटक्या दिसत होत्या.

"सरळ म्हणजे चालू," घारपुरे म्हणाले.

"त्ये मला कुणी सांगितलं न्हाई. बनाबाईलाबी न्हाई. तिनं आडव्याच ठेवल्या, कारण तिला फिरवायचं भ्या वाटलं."

घारपुऱ्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली. या खोलीत त्यांनी चौदा वर्षं शिकवलं होतं. गॅस कशाचा होतो, कसा जळतो, हे त्यांनी शेकडो मुलांना सांगितलं होतं. खोली झाडणाऱ्या बाईला तोटी कुठल्या अंगाला बंद होते, हे सांगायचं असतं असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"भाऊसो," ते म्हणाले, "स्टोअरमधून लाल रंग आणा. चोवीस तोट्यांपाशी टेबलावर आडवी रेघ मारायची. दांडी रेघेवर म्हणजे बंद. आणि बनाबाईला निरोप द्या, उद्यापासून कामावर यायचं." मग ते बशीरकडे वळले. त्यांना ते बोलणं जड जात होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "आता हे प्राचार्यांना सांगावं लागेल, बशीर. तुझं नाव, तुझ्या बायकोचं नाव, दोन्ही. धुण्याच्या कामाचं मी बघतो. जूनपर्यंतचं मात्र आता मला मागता येणार नाही. महिनाअखेरीला खोली मोकळी करून द्यावी लागेल."

"व्हय सायेब."

भाऊसो रंगाचा डबा घेऊन आले. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेले. बशीरने कुंचला घेतला आणि पहिल्या तोटीपाशी रेघ ओढली.

"गप बसली असतीस तर," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"तुमी तरी बसलासा का?"

त्याने दुसरी रेघ ओढली. खातूनबीने सरळ केलेल्या तीन दांड्या पुन्हा आडव्या केल्या, दर वेळी जरा थांबून, हात लावून बघून. मग ती म्हणाली, "आष्ट्याला जायचं न्हाई. सांगलीत खाणभागात खोली बघा. लहान असंना का, पर चूल माझी पायजे."

महिना संपायला पंधरा दिवस होते. घरी जाऊन आधी माळ्यावरची भांडी खाली काढावीत असं तिला वाटलं, पण तो रेघा मारत होता तोवर ती तिथेच, त्याच्यामागे एकेक तोटी तपासत राहिली.